कपाळावर हात धरलेला माणूस

आजोबांनी इटलीतल्या लढाईवरून दोनच गोष्टी आणल्या: थोरल्या भावाच्या मरणाची बातमी, आणि एका पडक्या घरात सापडलेला कुणा जर्मन सैनिकाचा फोटो अल्बम. दोघे भाऊ एकाच पलटणीत होते. अल्बम ट्रंकेत गेला. शत्रूची वस्तू, पोरांनी हात लावायचा नाही.

थोरल्याची मुलगी म्हणजे माझी आत्या. बाप लढाईवर गेला तेव्हा ती रांगत होती. बदलापूरच्या घरात भिंतीवर तिच्या बापाचा एकच फोटो होता: बनियनवर उभा माणूस, ऊन लागतं म्हणून कपाळावर हात, चेहरा निम्मा सावलीत. पितृपक्षात त्याच्यापुढे पान वाढलं जायचं. आत्याच्या मुलाची हनुवटी थेट आजोळच्या आजोबांवर गेलीय, यावर घरात एकमत होतं. आमच्यात एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

यंदा घर बिल्डरला दिलं आणि आम्ही चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये आलो. फोटो भिंतीवर लागला, ट्रंकेला मात्र जागा नव्हती. म्हणून उल्हासनगरहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी बोलावला. अल्बम चाळता चाळता तो थांबला.

"साब, इधर का एक फोटो निकला हुआ है."

पानावर फोटो खोचायचे चार कागदी कोपरे चिकटवलेले होते, मधे काहीच नव्हतं. शेजारच्या फोटोत तेच बनियन, तोच माणूस. हात खाली. हसत होता, आणि त्याच्या खांद्यावर फिक्या केसांची एक लहान पोर बसलेली होती.

मी भिंतीकडे पाहिलं. आजोबांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. मग पणजी आठवली. "माझ्या लेकाचा फोटो तरी दे," म्हणून ती रोज रडायची, असं आजोबाच सांगत. विशीतल्या पोरानं आईला गप्प करायला परका माणूस काढून दिला. दुसरं काय होतं त्याच्याकडे?

मी अल्बम मिटायला हवा होता. पण शेजारी बसलेल्या आत्यानं तोवर तो मांडीवर ओढला होता. चष्मा पुसून ती बराच वेळ बघत राहिली. ती रडली नाही, आजोबांना बोलही लावला नाही.

"मंग माजा बापूस दिसायचा कसा रं?" तिनं विचारलं.

 ते सांगायला आमच्या घरात तिच्याहून वयानं मोठं आता कोणीच उरलेलं नाही.