मालवीयजींचा नंबर आणि माझं पोट

चहा घ्या, पण घोट जरा जपून घ्या. माझा हा गाढवपणा ऐकताना आमच्या व्याह्यांना असा ठसका लागला होता की चहा नाकातून आला!

मागच्या थंडीत मी मोतीबिंदूसाठी आनंद नगरातल्या एका लहानशा हॉस्पिटलात भरती झालो. रक्तातली साखर उतरेना, म्हणून दोन दिवस आधीच ठेवून घेतलेलं. पुरुषांचा वॉर्ड एकच. डोळेवाला, हाडवाला, पोटवाला, सगळे एका रांगेत. शेजारच्या पलंगावर बाबूलाल मालवीय, हर्नियावाले. मोठा गोड माणूस. त्यांचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललेलं.

"दादा, आज नंबर गया तो मैं सीधा घर चला जाऊंगा," असं म्हणाले आणि बाथरूमला गेले.

तेवढ्यात एक जण व्हीलचेअर घेऊन दारात. "बाबूलाल मालवीय! कौन है? नहीं है? तो अगला ले जाऊं?"

आता मी कसा माणूस, ते सांगतो. शाळा फारशी पाहिली नाही, पण गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं हेल्परी केली. शेजारचा गडी चहाला गेला आणि मुकादमाने त्याचं नाव घेतलं, तर आपण हात वर करायचा. आणि पकडलो गेलो तरी कबूल करायचं नाही, नाहीतर दोघांची हजेरी कापली जाते. तीस वर्षांची सवय हो! हात आपोआप वर गेला.

"हाजिर!"

मला वाटलं, बाहेर रांगेत बसवतील. मालवीयजी आले की मी उठेन. बसच्या सीटवर रुमाल टाकतात ना? तसा मी रुमाल!

पण बाहेर रांग कुठली! खुर्ची सरळ एका खोलीत गेली. पडदा ओढला.

"बाबा, कुर्ता ऊपर करो."

केला. त्याने साबण लावला आणि पोटावर वस्तरा फिरवायला लागला. 'अरे भाई, आँख तो ऊपर है,' हे अगदी ओठांवर आलं. पण बोललो तर मालवीयजींचा नंबर जाणार! गिळलं. म्हटलं, केसच आहेत, पुन्हा उगवतील.

मग ऑपरेशनच्या खोलीचं दार. तिथे चष्मा लावलेल्या एक मोठ्या सिस्टर, हातात फाईल.

"अपना पूरा नाम बताइए."

"बाबूलाल मालवीय."

"किस चीज़ का ऑपरेशन है?"

"हर्निया."

"किस तरफ का?"

आली का पंचाईत? मालवीयजी कण्हताना हात कुठल्या बाजूला धरायचे? काही केल्या आठवेना. मी नम्रपणे म्हटलं, "जिधर आपको ठीक लगे."

सिस्टरचं पेन थांबलं. त्यांनी माझ्या स्वेटरची बाही वर सारली आणि मनगटावरची पट्टी वाचली. "इसमें तो शंकरराव लिखा है. आप शंकरराव हैं?"

"नहीं जी. पट्टी शंकरराव की है, मैं मालवीय हूँ."

बघा म्हणजे! पट्टीसुद्धा खोटी पाडायला निघालो होतो!

तेवढ्यात कोणीतरी दार उघडलं. आत मोठा दिवा, खाली टेबल, ट्रेमध्ये चकचकीत हत्यारं. आणि माझी सगळी दोस्ती तिथल्या तिथे पातळ झाली.

"सिस्टर! मेरी तो आँख है!"

त्या मटकन स्टुलावर बसल्या. आधी व्हीलचेअरवाल्याला म्हणाल्या, "आवाज़ सुनके ले आए? पट्टी कौन देखेगा?" मग माझ्याकडे वळल्या. ओरडतील असं वाटलं, पण आवाज कापत होता. "बाबा, मैं न पूछती तो? बेवजह आपका पेट कट जाता."

तेव्हा मला खरा घाम फुटला. वस्तऱ्याला जो घाबरला नाही, तो त्या आवाजाला घाबरला.

वॉर्डातून मालवीयजी पायजम्याची नाडी धरून धावत आले. "दादा, मेरा नंबर!" त्यांच्या मागे माझी बायको सुमन. तिने माझं गुळगुळीत पोट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, जन्मात माझ्या एका हाकेला ओ दिली नाहीत, आणि परक्याच्या नावाला बरी ओ दिलीत!"

मालवीयजींचं ऑपरेशन त्याच दुपारी झालं, नीट झालं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. त्याच सिस्टर.

"नाम?"

बापाच्या नावासकट माझंच सांगितलं.

"किसका ऑपरेशन?"

"आँख का."

"कौन सी?"

"दाईं."

"पक्का?"

किती साधा प्रश्न हो! पण आदल्या दिवसापासून माझ्या तोंडावरचा माझाच भरवसा उडालेला. मी म्हटलं, "सिस्टर, एक मिनट रुकिए. बाहर मेरी घरवाली बैठी है, ज़रा उससे पूछ लीजिए."