एका हाताची बाबागाडी

बस स्थानकावर रोज येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानात तिचा आवाज होता, पण चेहरा फार थोड्यांना ठाऊक. चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक चिंचोळी खोली, त्यात टेबल, माइक, एक डुगडुगणारी खुर्ची आणि त्या खुर्चीत ती. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे ती असं म्हणायची, की बस सुटेल म्हणून पळत निघालेला माणूसही क्षणभर थबकायचा. स्थानकातले सगळे तिला माइकताई म्हणत. पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले आणि तिचं खरं नाव कागदोपत्रीच उरलं.

माइकताईचा डावा हात अधू होता. जन्मतानाच खांद्यातली शीर दुखावली आणि तो हात अंगालगत नुसता लोंबत राहिला. बोटं जराशी हलायची, पण धरायचं म्हणाल तर साधा कागदही नाही. तिने त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. वेणी घालायची ती एक पेड दातांत धरून. बरणीचं झाकण उघडायचं ते बरणी गुडघ्यांत दाबून. कांदा चिरायला तिने लाकडी फळीला खिळा ठोकून घेतला होता, त्यात कांदा खोचला की सुरी सरासर चालायची. कुणी कळवळून "मी देऊ का करून?" म्हटलं, की ती हसून म्हणायची, "द्या ना. माझं झालं की द्या."

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली. नाव छान निवडून ठेवलं होतं, पण पोरीचे गाल असे काही फुगले की घरात सगळे तिला ढब्बीच म्हणू लागले.

घरात ढब्बीला सांभाळताना माइकताईचं काही अडत नव्हतं. उजवा हात मानेखालून घालायचा, छातीशी ओढायचं आणि अलगद उचलायचं. दुपट्याचं टोक दातांनी ओढून घ्यायचं. अडायचं ते उंबऱ्यापाशी. एका हातात मूल घेतलं की दार लावायला हात नाही, पिशवीला नाही, छत्रीला नाही, बसमध्ये दांडा धरायला नाही. पोटाशी झोळी बांधून पाहिली, तर गाठ मारायलाच दोन हात लागत. वर ढब्बीच्या वजनाने अधू खांदा संध्याकाळपर्यंत ठणकायचा. म्हणून बाहेर जायचं झालं की ढब्बी सासूबाईंच्या कडेवर आणि माइकताई मागून पिशवी घेऊन, अशी वरात निघायची.

सासूबाईंनी उभा जन्म एका शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचलण्यात घालवला होता. केस पिकले तरी दंड दणकट होते. नातीला कडेवर घेऊन त्या रस्त्याने अशा चालत, की समोरच्याने बाजूला व्हावं आणि कौतुकही करावं. लोक करतही. "आजींवर गेलीय हो नात!" असं कुणी म्हटलं, की सासूबाई तोंडदेखलं "कुठलं काय" म्हणत आणि त्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी काहीतरी खाऊ पोचायचा.

एकदा ढब्बीला लस टोचायला सगळ्या दवाखान्यात गेल्या. गर्दी मरणाची होती. नर्सने सासूबाईंकडे पाहून विचारलं, "आजी, बाळाची आई नाही आली?" आणि उत्तराची वाट न पाहता माइकताईला म्हणाली, "ताई, पिशवी त्या कोपऱ्यात ठेवा. वाटेत उभ्या राहू नका."

"अहो, हीच आई!" सासूबाई म्हणाल्या. नर्स ओशाळली, माफी मागितली, ढब्बीच्या पायावरून हात फिरवला. कुणाची काही चूक नव्हती. पण माइकताईने पिशवी खरंच कोपऱ्यात नेऊन ठेवली होती आणि परत येईपर्यंत ढब्बीला सुई टोचून झाली होती. पोर रडत होती ती आजीच्या खांद्यावर.

संध्याकाळी जेवताना माइकताई म्हणाली, "मला बाबागाडी घ्यायचीय."

तिचा नवरा बस आगारात टायर बदलायच्या कामावर होता. चाकं म्हणजे त्याचा जिव्हाळ्याचा विषय. "घेऊ की," तो लगेच म्हणाला. "चांगली दणकट चार चाकांची घेऊ."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "का गं? माझे हात गळाले का?"

"तसं नाही आई."

"मग कसं? पोर माणसाच्या अंगावर वाढते. लोखंडावर नाही."

माइकताईने पाण्याचा घोट घेतला. "आई, तुमच्या हातांवर माझा सगळा भरवसा आहे. पण मला तिला घेऊन एकटीने बाहेर जायचंय. एकदा तरी. नुसतं कोपऱ्यापर्यंत."

सासूबाईंनी ताट उचललं आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

सुट्टीच्या दिवशी चौघं दुकानात गेली. मुलांच्या सामानाचं मोठं दुकान. एका भिंतीलगत पाळणे आणि मधल्या मोकळ्या जागेत बाबागाड्या दाटीवाटीने उभ्या, अगदी आगारातल्या बससारख्या. नवरा थेट चार चाकांच्या एका गाडीपाशी उकिडवा बसला आणि चाकं फिरवून, दाबून पाहू लागला. सासूबाई ढब्बीला घट्ट धरून दाराशीच थांबल्या. दुकानातला माणूस तत्परतेने पुढे झाला, माइकताईच्या डाव्या हाताकडे त्याची नजर गेली आणि तो नवऱ्याला म्हणाला, "साहेब, गाडी तुम्हीच ढकलणार ना? मग तुमच्या उंचीची दाखवतो."

माइकताईने गळा साफ केला. तिचा इरादा हळू बोलायचाच होता, पण सवयीने आवाज लागला तो स्थानकावरचा. "कृपया लक्ष द्यावे. गाडी मी चालवणार आहे."

सगळं दुकान वळलं. पाळण्यांपाशी उभी असलेली एक बाई ओरडली, "अगं बाई! या तर स्टँडवरच्या! माझी बस उशिरा आहे हे यांच्या तोंडून ऐकलं की रागच येत नाही बघा." लोक हसले, दुकानातल्या माणसानेही कान पकडले आणि तिथून पुढे तो फक्त तिच्याशीच बोलला.

आधी नवऱ्याच्या पसंतीची चार चाकांची गाडी. तिला दोन बाजूंना छत्रीच्या दांड्यांसारख्या दोन मुठी होत्या. माइकताईने उजवी मूठ धरून ढकलली. गाडी दोन पावलं सरळ गेली, मग डावीकडे वळली, मग आणखी वळली आणि दुधाच्या बाटल्यांच्या ढिगात शिरली. बाटल्या प्लॅस्टिकच्या होत्या म्हणून निभावलं.

"मग तीन चाकांची बघा," दुकानातला माणूस बाटल्या गोळा करत म्हणाला.

"तीन चाकांवर काय उभं राहतं?" नवरा म्हणाला. "वळणावर कलंडली तर?"

"रिक्षा नाही का चालत?" माइकताई म्हणाली.

पहिल्या तीनचाकीचं पुढचं चाक सरळच अडकवलेलं होतं. ती धावायला जाणाऱ्यांसाठी होती, वळवायची तर दरवेळी पुढचं चाक उचलावं लागायचं. दुसरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आडवा दांडा होता आणि पुढचं चाक मोकळं फिरणारं. रंग मात्र असा भडक नारिंगी, की रस्ता खोदणाऱ्यांनी सावधान म्हणून उभी करावी. माइकताईने दांड्याच्या बरोबर मध्ये हात ठेवला आणि मनगट जरासं वळवलं. गाडी वळली. उलटं वळवलं. गाडी परत वळली. ती पाळण्यांना वळसा घालून गेली, दोन खांबांमधून गेली, उभ्या माणसांना चुकवत परत आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते नवऱ्याने पाहिलं आणि चाकं दाबून बघायचं विसरला.

पण घोडं पुढे अडलं. ढब्बीला बसवल्यावर पोटावरचं बक्कल एका हाताने कसंबसं लागलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा खट्कन बसलं. गाडी मिटवणं मात्र जमेना. बैठकीच्या दोन बाजूंना दोन कळा होत्या आणि त्या एकदमच दाबायला हव्या होत्या. घर तळमजल्यावर असलं, तरी खोली एवढीशी की गाडी उघडी ठेवली तर माणसांना बाहेर झोपावं लागेल. माइकताईने हनुवटी टेकवून पाहिली, कोपर लावून पाहिलं. कपाळावर घाम आला.

"असू दे," ती शेवटी म्हणाली. "कुणीतरी असेलच ना मिटवायला." तिच्या तोंडून हे वाक्य नवऱ्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याला ते अजिबात आवडलं नाही.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. "धर रे हिला," म्हणत त्यांनी ढब्बीला मुलाच्या हातात दिलं. मग आपला डावा हात पाठीमागे नेला आणि कमरेवर मूठ वळून घट्ट दाबून धरला.

"आई, काय करताय?"

"थांब गं जरा."

त्या दणकट बाईने एका हाताने गाडीशी झटापट सुरू केली. कळ दाबली, तर गाडी फिरली. गाडी धरली, तर कळ सुटली. पाठीमागचा हात दोनदा आपसूक पुढे आला, तेव्हा त्यांनी त्यालाच दटावलं, "मागे राहा म्हटलं ना!" लोक बघत होते, कुणी हसतही होतं, पण त्यांना पर्वा नव्हती. त्यांनी पायाने ब्रेक लावला, गाडीला भिंतीशी नेऊन टेकवलं, डावी कळ मांडीने दाबून धरली आणि वाकून उजवी कळ हाताने दाबली. गाडी कमरेत वाकली आणि मुकाट मिटली.

सासूबाई धापा टाकत सरळ झाल्या. "मांडीने दाब," त्या सुनेला म्हणाल्या. "भिंत हवी मात्र." मग जरा थांबून हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू रोज असं करतेस होय गं सगळं? मला वाटायचं, तुला सवय आहे."

जिच्या आवाजावर सगळं स्थानक चालायचं, तिने नुसती मान हलवली आणि वाकून गाडी उघडली. मग भिंत, मांडी, हात. मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. नारिंगीच गाडी घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ढब्बीला घेऊन एकटी निघाली. कोपऱ्यापर्यंत म्हणून निघाली, ती कोपरा आला तरी थांबली नाही. रस्ता ओलांडताना पुढचं चाक गटाराच्या जाळीत रुतलं. गाडी तिरकी झाली. मागून एक मोटार भोंगा वाजवू लागली. तिने श्वास घेतला आणि दांडा खाली दाबला. मागच्या दोन चाकांवर भार गेला, पुढचं चाक अलगद वर उचललं गेलं, आणि गाडी जाळीपलीकडे उतरली. ढब्बीला हा खेळ वाटला असावा. तिने पाय झाडले आणि पुन्हा कर म्हणून आईकडे पाहिलं.

पुढे ती स्थानकावरच गेली. ड्रायव्हर, कंडक्टर, चहावाले सगळे गाडीभोवती जमले. "ही तुमची का ताई?" एका म्हाताऱ्या कंडक्टरने विचारलं. "माझीच," ती म्हणाली. ती रजेवर असल्याने तिच्या जागेवर बसलेल्या मैत्रिणीने ढब्बीला उचलून माइकसमोर धरलं, आणि बटण चालू आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सगळ्या फलाटांवर "बब्बा, बब्बा, फुर्र" अशी लांबलचक घोषणा झाली. एक वयस्कर गृहस्थ खरंच खिडकीपाशी येऊन विचारून गेले, "कुठली गाडी म्हणालात?"

घरी परतल्यावर सगळं सांगताना ती हसत होती. सासूबाईही हसल्या. पण ढब्बी गाडीतच झोपून गेली होती, आणि सासूबाईंचे हात मांडीवर तसेच पडून होते. त्यांनी एक स्वच्छ पातेलं उगाचच पुन्हा पुसलं. माइकताईने ते पाहिलं.

संध्याकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली. "आई, चला ना फिरायला."

"मी कशाला? तुला जमतंय की आता."

"जमतंय म्हणून तर म्हणते. आजवर तुम्ही पुढे आणि मी मागे, असंच चाललो. शेजारी शेजारी कधी चाललोच नाही."

सासूबाई कुरकुरत उठल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या, गार वारं आहे म्हणाल्या, आणि बोलता बोलता चपला घालून मोकळ्या झाल्या. रस्त्यावर दिवे लागत होते. माइकताई उजव्या हाताने गाडी ढकलत होती, सासूबाई तिच्या डाव्या बाजूने चालत होत्या. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी न विचारता तिचा डावा हात हातात घेतला. त्या हाताला सहसा कुणी हात लावत नसे, नवराही जपून लावायचा. माइकताईला तो काढून घ्यावासा वाटला, पण तो कुठे काढून घेता येणार होता!

"केवढा गार आहे गं!" सासूबाई म्हणाल्या.

"नेहमीच असतो तो."

"मग सांगायचं नाही का?"

त्यांनी तो हात आपल्या दोन्ही तळव्यांमध्ये धरला आणि चालता चालता चोळायला लागल्या, न्हाऊन आलेल्या ढब्बीचे पाय चोळायच्या तसाच. त्या नादात त्यांची पावलं संथ झाली, म्हणून माइकताईनेही गाडी हळू केली.