फळ्यांमागची लोकर

लेकीच्या सासरी, कुलूच्या खोऱ्यात, थंडी वाढताच जुन्या घराच्या लाकडी भिंती उघडून आत लोकरीचे जाड थर भरले. विहीणबाई आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई यांच्या बिऱ्हाडांमधली भिंतही भरली. दोघींचा अबोला फार वर्षांचा.

घर छान उबदार झालं. सकाळी मात्र विहीणबाई बेचैन होत्या. "आज तिचा खोकला ऐकूच आला नाही," म्हणाल्या. बोलणं बंद असलं तरी भिंतीच्या फळ्यांमधल्या फटींतून दोघींना एकमेकींची खबर लागत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

शाल ओढून त्या बर्फातून पलीकडच्या दाराशी गेल्या. मीही मागोमाग गेले. जाऊबाईंनी दार उघडलं.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. खोकला थांबला का तुझा?"

"कुठला थांबतोय," म्हणत त्या दारातून बाजूला झाल्या. "आत या, गारठाल."