फांद्या उतरवलेलं झाड

सुलेखानं शिडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती आणि वर लेम्पीबाई करवत चालवत होत्या. खर्र खर्र. फांदी सुटली की सुलेखा मान आखडून घ्यायची, भुसा तिच्या केसांत. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या त्या घराच्या मागच्या अंगणात एवढं एकच झाड होतं, ख्रिसमसला सजवतात त्या जातीचं, जुनं, उंच. शेंडा सोडून लेम्पीबाईंनी मधलं सगळं सोलून काढलं. मग खाली उतरल्या, झाड आणि कंपाउंडची भिंत यांच्या सांदीत घुसल्या आणि चाकूनं खोडावर काहीतरी कोरत बसल्या.

आदल्या दिवशी सकाळी त्यांचा नवरा हाइनरिश ब्रांडेस हॉस्पिटलात वारला होता. १९६३ साल.

वरच्या खिडकीतून घरमालक ओरडला, "फ्राऊ ब्रांडेस! झाड माझं आहे!"

"जा," लेम्पीबाई म्हणाल्या. म्हणजे जर्मनमध्ये, हो. आणि कोरत राहिल्या.

सुलेखा आणि तिचा नवरा श्रीपाद ब्रांडेस मंडळींच्या मागच्या खोलीत राहायचे. श्रीपाद डॉक्टरेट करत होता. सुलेखाची शाळा नववीत सुटलेली, लग्न झालं आणि थेट इकडे. दिवसभर घरात दोघीच, दोघींचं जर्मन मोडकं. त्यामुळे छान जमायचं. कोळसा कसा पेटवायचा, खिडक्यांच्या फटी कशा बुजवायच्या, सगळं तिला लेम्पीबाईंनी शिकवलं. सुलेखाच्या जिवात जीव असेपर्यंत त्यांच्याबद्दल वाकडं बोलायची कुणाची टाप नव्हती.

पाठीमागे बोलणारे तर होतेच. जिन्यावरच्या बाया म्हणायच्या, डोळ्याला टिपूस नाही हो. नसणारच, त्यानंच हिचं घर जाळलं होतं तिकडे.

तिकडे म्हणजे साल्ला. फिनलंडच्या पार वरच्या टोकाला, रशियाला खेटून. माहेरची लेम्पी केलोकुम्पू, तिथली. एकोणचाळीसच्या थंडीत रशियन चालून आले तेव्हा तिच्या वडिलांनी स्वतःचं घर स्वतः पेटवलं. आपल्याच लष्कराचा हुकूम, शत्रूला छप्पर मिळू नये म्हणून. तह झाला, गाव रशियात गेलं. मग जर्मन आले मदतीला, गाव परत आलं. वडिलांनी त्याच राखेवर पुन्हा घर बांधलं. चव्वेचाळीसमध्ये फिनलंडनं रशियाशी समेट केला, तेव्हा जर्मन परत फिरले आणि जाता जाता त्यांनी सगळं जाळलं. गाव पुन्हा रशियात, ते कायमचंच. आणि बावीस वर्षांची लेम्पी त्याच जर्मनांच्या ट्रकमध्ये चढली, कारण ट्रक हाइनरिश चालवत होता. तिकडचे म्हणाले शत्रूबरोबर पळाली. इकडचे म्हणतात ती फिनिश बाई. झालं.

सुलेखानं एकदा विचारलंही होतं, "खरंच ह्यांनी जाळलं?"

"काडी कुणी लावली ते नको विचारू," लेम्पीबाई बटाटे सोलत म्हणाल्या. "सगळ्यांच्याच खिशात काडेपेटी होती."

झाडाचं मात्र त्यांनी सांगितलं. त्या मुलखात माणूस मेलं की घराच्या वाटेवरच्या एखाद्या झाडाच्या फांद्या उतरवतात, खोडावर त्याच्या नावाची आद्याक्षरं आणि मेल्याचं साल कोरतात. मेलेलं माणूस घराकडे परत निघालं तर ती खूण बघतं, आपण मेलोय हे त्याला कळतं, आणि तिथंच थांबतं.

"आमच्यात स्मशानातून निघालं की मागे वळून बघत नाहीत," सुलेखा म्हणाली. "तसंच की हे."

"गेनाऊ," लेम्पीबाई म्हणाल्या. अगदी तसंच.

मग काय, सुलेखा जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगत सुटली, "नवऱ्याचं नाव कोरलंय तिनं झाडावर! तुम्ही कोरलंत कधी?"

घरमालक ग्रोटे दुपारी आला. जागा नवऱ्याच्या नावावर होती, नवरा गेला. तरी राहू देईन म्हणाला, पण उद्या सगळ्या भाडेकरूंसमोर माफी मागायची. दुःखानं डोकं फिरलं होतं असं म्हणायचं. नाहीतर महिनाअखेर बाहेर.

"म्हणून टाका ना," सुलेखा मागे लागली. "दोन टिपं गाळा. येत नसतील तर कांदा आणून देते."

"डोकं फिरलं नव्हतं," लेम्पीबाई म्हणाल्या.

सुलेखा नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही बोला ग्रोटेशी. तुमचं जर्मन चांगलंय."

"मी काय बोलू? आपल्यालाही काढेल तो."

"काढू दे. मी गारठून मेले तर माझ्यासाठीही तासा एक झाड."

श्रीपादनं पुस्तक पुढ्यात ओढलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळे जमले. ग्रोटे म्हणाला, "आल्झो?" म्हणजे, मग?

लेम्पीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बंद दुकानाकडे बघावं. "झाड मरणार नाही," त्या म्हणाल्या. "शेंडा ठेवलाय." बस्स. वळल्या, आत गेल्या.

सुलेखाला राहवलं नाही. "माणूस गेलंय तिचं, आणि तुम्हाला फांद्यांची पडलीय?" अर्धं जर्मन, अर्धं मराठी. जिन्याला एकूण अर्थ कळला.

"तुम्हीसुद्धा," ग्रोटे म्हणाला. "महिनाअखेर."

सामान बांधायला कितीसा वेळ. लेम्पीबाई घडी घालायच्या, ठेवायच्या, पुढची घडी. चेहरा कोरा. रडं नाही, राग नाही.

"भाऊ आहे ना फिनलंडात?" सुलेखा म्हणाली. "आता जा की घरी. आता कोण अडवतंय?"

लेम्पीबाईंनी खिडकीतून अंगणात बघितलं. "आहे अडवणारं," म्हणाल्या.

त्या सीमेबद्दल बोलताहेत असं सुलेखाला वाटलं.

लेम्पीबाई र्युसेल्सहाइमला गेल्या, तिथं एका कँटीनमध्ये काम मिळालं. स्टेशनवर सुलेखा ढसाढसा रडली. त्यांनी तिची पाठ थोपटली आणि डब्यात चढल्या. मागे वळून बघितलं नाही.

चार वर्षांनी ग्रोटेनं गाड्या ठेवायला मागची भिंत पाडली. सुलेखा मुलीला घेऊन त्या बाजूनं चालली होती, आणि झाड पहिल्यांदाच पाठीमागून दिसलं. जगलं होतं. शेंडा चांगला वाढला होता. खोडावर डिंक सुकलेला, त्यात अक्षरं. हाइनरिशची नव्हती, लेम्पीबाईंच्या माहेरच्या नावाची होती. त्याच्या मरणाचं सालही नव्हतं.

एल. के. १९४४.