खिडकीतला कूलर

आमच्या बडनेऱ्याच्या गल्लीतला कूलरवाला हिवाळ्यातही लोकांच्या खिडक्या न्याहाळत फिरतो आणि बोलायच्या आधी कानामागची बिडी चाचपतो. यंदा पोटाला चिमटा घेऊन मी हीटर घेतला, तरी दोन स्वेटरांत कुडकुडतच होतो. हीटर बिघडला असेल म्हणून त्याला बोलावलं. त्याने हीटरकडे पाहिलंही नाही. उन्हाळ्यापासून खिडकीतच राहिलेल्या कूलरपुढे हात धरला. तिथून थंडगार वारा घरात घुसत होता. बिडी चाचपली.

"सर, तुमी सारा मोहल्ला गरम करून राहिले काय?"

मग बाहेरून कूलरला जुनी ताडपत्री घट्ट बांधून दिली. जाताना दारात थांबला. बिडी पुन्हा चाचपली.

"शाळेत कोनता इषय शिकवता तुमी?"

"मराठी," मी म्हणालो. विज्ञान सांगायची हिंमतच झाली नाही.