शालूताईंचे खारे करंज

शेजारच्या शालूताई महिनाभर नागपूरला गेल्या, तेव्हा त्यांनी पेरलेल्या करंजाच्या बियांना मिठाचं पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मला बियांची दया आली. मी गोडं पाणी घातलं, आणि झाडून सगळ्या उगवल्या.

परत आल्यावर ताईंनी कपाळाला हात लावला. "आता कोनतं दमाचं, कसं समजन मले?"

आमच्या मरोद्यातल्या बुद्धविहारापुढची जमीन खारी. तिथं लावलेलं प्रत्येक झाड जळालं होतं. ताईंनी पुन्हा बिया पेरल्या आणि या वेळी मिठाचं पाणी स्वतः घातलं. मिठाला पुरून उरलेली चार रोपं आज तिथं कमरेएवढी झालीत, आणि अख्खी गल्ली पाहुण्यांना ती मिरवून दाखवते.

"ताई, माझीही लावू या ना तिथं!"

"लाडावलेले रोपटे तुमच्याच अंगनात लावा, भाऊ."