सावली कोणाची

"टी.बी. आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "लेफ्ट लंगवर शॅडो दिसते. औषधं आहेत, घाबरू नका. पण मुलगी लहान आहे ना? थुंकीतले जंतू जाईपर्यंत तिला जवळ घ्यायचं नाही."

मला शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं. महिना-दोन महिने मी खोकला अंगावर काढला होता, संध्याकाळची कणकण थकव्यावर ढकलली होती. कफात रक्त दिसलं तेव्हा कुठे दवाखान्याच्या बाकावर येऊन बसले. तुम्ही असला शहाणपणा करू नका. माझी छबी तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

नंदनवन वस्तीतल्या घरी परतल्यावर माझ्या नवऱ्याने सासूबाईंना जमेल तसं मराठीत सांगितलं. त्यांना आम्ही सगळेच माय म्हणत असू, आणि मायला अहोजाहो होत नाही.

"डाव्या फुफ्फुसावर सावली आहे, माय."

तिच्या हातातलं सूप थांबलं. "कोनाची?"

आम्ही दोघंही हसलो नाही. माझी नणंद लीला याच आजाराने, याच घराच्या मागच्या खोलीत गेली होती, माझ्या लग्नाच्या आधी. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात भूतखेत, उतारे, नवस सगळं बंद होतं आणि त्या बाबतीत मायच सर्वांत कडक. तो प्रश्न विचारून ती स्वतःच ओशाळली. पण विचारला तो विचारलाच.

छबीला माझी आई कामठीला घेऊन गेली. माझी खाट मागच्या खोलीत टाकली. वेगळी अशी दुसरी खोली होती कुठे?

रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, वर गोळ्या. इंजेक्शननंतर डोकं गरगरायचं आणि दुपारभर ग्लानी यायची. मधूनमधून स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे जंतू आहेत. माझी पॉझिटिव्हच येत होती.

उन्हाळा लागला होता. खिडकीशी लिंबाचं झाड होतं. एक फुलपाखरू त्याच्या कोवळ्या पानांवर क्षणभर टेकायचं, पोटाचं टोक वाकवायचं आणि उडायचं. पाहिलं तर पानावर बारीक मोहरीएवढं पिवळसर अंडं. मुंग्या नेतील म्हणून अंडी असलेल्या डहाळ्या मी तोडल्या आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवल्या. पाणी बदलणं, पान सुकलं की शेजारी ताजी डहाळी लावणं, एवढंच माझं काम. अळ्या निघाल्या त्या हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या. माय म्हणाली, आता हेच पोसायचं राहिलं होतं.

बाहेर व्हरांड्यात दिव्याच्या वायरीवर बुलबुलाने घरटं केलं होतं. यांनी तो दिवा लावणंच सोडलं. मी स्टुलावर चढून, धापा टाकत, हातातला आरसा घरट्यावर धरायची. गुलाबी अंडी, त्यांवर तांबडे ठिपके. मग एके दिवशी आरशात नुसत्या उघड्या चोची.

आणि माझ्या अळ्या नाहीशा व्हायला लागल्या.

दुपारी डोळा लागायचा, उठून पाहावं तर डहाळीवरची एक कमी. खोलीत दुसरं कोणी नाही. मी मनाशी ठरवून बसले होते, यातल्या एकीचं तरी फुलपाखरू झालं तर छबी माझ्याकडे परत येईल. त्यामुळे प्रत्येक अळीबरोबर माझं काळीज तुटायचं. मला वाटायला लागलं की खाटेच्या पायथ्याशी कुणीतरी बसलेलं असतं. माय तर खोलीत पाण्याचे दोन पेले ठेवायची. दुसरा कशाला, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती, खरंच सांगते.

शेवटी एका दुपारी मी ओठ चावत जागी राहिले. पडदा हलला. बुलबुल आत आली, डहाळीवरची, मोठी होऊन हिरवी झालेली अळी उचलली आणि गेली. व्हरांड्यात एकच कल्ला झाला. आधी मला तिचा असा राग आला की काय सांगू. पोरं तिचीही होती म्हणा. उरलेल्या डहाळीवर मी मलमलचं फडकं बांधलं आणि मोठ्या आनंदाने मायला सांगितलं, बुलबुल नेत होती, दुसरं कोणी नाही.

तिचा चेहरा उतरला.

"असं काय?" ती म्हणाली. "मले वाटलं, लीला खेळून राहिली. तिले लय नाद होता वं या गोष्टीचा."

म्हणजे भीत होते ती मी एकटीच. दुसरा पेला मायने तरीही उचलला नाही.

फडक्याखालच्या अळीचा कोष झाला, कोषातून फुलपाखरू निघालं, उडालं. त्याचा आणि छबीचा काडीचाही संबंध नव्हता. थुंकी नंतरही पॉझिटिव्हच आली. असे करार मनाशी करू नका, एवढंच सांगेन. गोळ्या मात्र वेळेवर घ्या. माय पहाटे उठून मला दूध द्यायची, गोळी तोंडात टाकेपर्यंत समोरून हलायची नाही. कंटाळून मी एकदा गोळी उशाखाली लपवली, तर तिने ती शोधून काढली आणि मला लहान पोरीसारखं दटावलं.

पावसाळा सरता सरता थुंकी निगेटिव्ह आली, पुन्हा तपासली तरी निगेटिव्हच. आई छबीला घेऊन आली. आधी छबी माझ्याकडे यायलाच तयार नव्हती. मग आली आणि गळ्याला जी चिकटली ती चिकटली.

पुढच्या एक्स-रेला डॉक्टर हसले. "शॅडो गेली. पण मी सांगेपर्यंत गोळ्या सोडायच्या नाहीत."

यांनी दारातूनच ओरडून सांगितलं, "माय, सावली गेली."

माय तांदूळ निवडत होती. "पुरी गेली काय गा?" तिने विचारलं. मग उठून मागच्या खोलीत गेली. मी छबीला कडेवर घेऊन मागोमाग गेले. ती माझ्या खाटेवर बसली होती, पदर डोळ्यांना लावून.

"बरं झालं, सुमन," ती म्हणाली. "तुही पोरगी तुले भेटली."

मी तिच्याजवळ बसले. मी जसजशी बरी होत होते, तसतशी तिची लीला या घरातून जात होती, आणि हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी माझी एकही गोळी तिने चुकू दिली नाही.